पेडल स्टील: पेडल आणि नी-लिव्हरची लावणी, प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५

काम कुठून सुरू होतंय ते आधी लिहून ठेवतो. पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून, तारांवर पोलादी बार सरकवून वाजवायची गिटार. पायाची पेडल आणि गुडघ्याचे नी-लिव्हर वाजतानाच तारा चढवतात-उतरवतात. माझं वाद्य एका नेकचं (तारांचा एकच संच), दहा तारांचं, ई-नाइन लावणीचं. तीन पेडल, पाच नी-लिव्हर, ऑल-पुल चेंजर, म्हणजे चढ आणि उतार दोन्ही रॉड ओढूनच करणारी टोकाची यंत्रणा. नट (खुंट्यांकडे तारा जिथे टेकतात ती जागा) ते चेंजर लांबी सव्वाचोवीस इंच, म्हणजे ६१.६ सेंटिमीटर.

उघड्या तारा एकपासून दहापर्यंत: एफ-शार्प, डी-शार्प, जी-शार्प, ई, बी, जी-शार्प, एफ-शार्प, ई, डी, बी. पहिल्या दोन तारा उतरत्या क्रमात नाहीत, सगळ्यात उंच स्वर तिसरीचा. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

ए पेडल पाचवी आणि दहावी तार बी वरून सी-शार्पला चढवतं. बी पेडल तिसरी आणि सहावी जी-शार्पवरून ए ला नेतं. सी पेडल चौथी ई वरून एफ-शार्पला आणि पाचवी बी वरून सी-शार्पला. डाव्या गुडघ्याकडे एफ लिव्हर (चौथी-आठवी ई वरून एफ), उतार लिव्हर (त्याच तारा डी-शार्पपर्यंत खाली) आणि वर उचलायची व्हर्टिकल (पाचवी-दहावी बी-फ्लॅटपर्यंत). उजव्या गुडघ्याला दोन: एक सहावी एफ-शार्पपर्यंत उतरवते, दुसरी दुसऱ्या तारेला डी-शार्पवरून डी आणि मग सी-शार्पपर्यंत आणि नववीला डी वरून सी-शार्पपर्यंत.

आजची परिस्थिती अशी की प्रत्येक पेडल एकेकटं दाबून ट्यूनरवर पाहिलं तर काटा शून्याच्या आसपास. तरी ए आणि बी पेडल एकत्र दाबून कॉर्ड धरली की ती थरथरते, आणि ए पेडल दाबून एफ लिव्हर घेतली की कॉर्डचा तिसरा स्वर, म्हणजे गंधार, सरळसरळ चढा ऐकू येतो. शिवाय बी पेडल हळू दाबताना सहावी तार आधी पळते आणि तिसरी मागून येते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत: एक सुराची, एक यंत्राची. आधी यंत्र.

६ जुलै

वाद्य उलटं करून पायावर ठेवलं. क्रॉस-शाफ्ट (पेडलने फिरणारा आडवा दांडा), बेलक्रँक (त्यावरचा, रॉड ओढणारा आखूड हात), रॉड, चेंजरमधल्या फिंगर (तार ज्यावर वळते ते हलते तुकडे), सगळ्याची जुनी धूळ-तेलाची खळ काढली. चेंजरच्या आसावर आणि रोलर नटच्या आसावर पातळ तेलाचा थेंब. दाट ग्रीस इथे नको, त्यात धूळ बसते आणि फिंगर परत येताना अडखळतात. तारा नव्या घातल्या, खुंटीवर कमी वेढे ठेवून.

मग रॉडच्या टोकाचा, फिरवून चढ-उतार लावायचा प्रत्येक नायलॉन नट तपासला. ऑल-पुल चेंजरमध्ये पेडल सुटलेलं असताना फिंगर आपल्या थांब्याला टेकून उभी असली पाहिजे. तिथेच उघड्या तारेचा स्वर ठरतो. नट जरा जास्त आवळलेला असेल तर रॉड फिंगरला थांब्यापासून केसभर ओढून धरतो आणि उघडा स्वरच चढा राहतो. मग माणूस खुंटी सैल करतो, त्यामुळे चढ बिघडतो, म्हणून नट आणखी आवळतो, आणि हे चक्र संपत नाही. म्हणून लावणीला हात घालण्याआधी सगळे नट सैल करून, प्रत्येक रॉड हाताने किंचित हलतो की नाही ते पाहिलं. पाचवीच्या ए पेडलच्या रॉडला ढील अजिबात नव्हती. तो सोडल्यावर उघडा बी लगेच खाली आला.

क्रमही इथे नोंदवून ठेवतो, कारण तो उलटवता येत नाही: सगळी पेडल-लिव्हर मोकळी ठेवून उघड्या तारा खुंट्यांनी, मग चढ, एकेक पेडल दाबून, चेंजरच्या टोकाच्या नटांवर ३/१६ इंचाच्या षटकोनी कीने, त्यानंतर उतार. खुंटी एकदा हलली की त्या तारेचे सगळे चढ-उतार पुन्हा पाहायचे.

८ जुलै

आज हातात षटकोनी की न घेता कागद घेतला. तार किती ओढली की स्वर किती चढतो, हे एकदा नीट मांडायचं होतं.

तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. अर्धा स्वर चढवायला ताण सुमारे १२ टक्के वाढवावा लागतो, पूर्ण स्वराला २६ टक्के. पाचवी तार ०.०१७ इंचाची, बी स्वराला तिच्यावर जवळपास ११ किलोचा ताण आहे. ए पेडल तो पावणेचौदा किलोपर्यंत नेतं. पण पोलाद ताठर असल्याने त्यासाठी तार फक्त अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या मधलं काहीतरी अंतर ताणली जाते. पायाची सगळी हालचाल शेवटी एवढ्याशा अंतरात उतरते. रॉडच्या भोकातली शंभरावा भाग मिलिमीटरची झीजसुद्धा स्वरात ऐकू येते, यात नवल नाही.

यातली खरी गंमत पुढे आहे. साध्या, न गुंडाळलेल्या तारेत दर चौरस मिलिमीटरवर किती ताण आहे, हे तारेच्या जाडीवर अवलंबूनच नसतं. ते लांबी आणि स्वराची उंची यांवरूनच ठरतं, आणि उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तार किती लांबवावी लागेल तेही त्याच प्रमाणात. म्हणजे एक सप्तक वरच्या तारेला तेवढाच अर्धा स्वर चढवायला चौपट ओढ लागते.

बी पेडल नेमकं हेच करतं. तिसरी आणि सहावी दोन्ही जी-शार्प, मध्ये एक सप्तक. नटमागची लांबी धरून हिशेब केला तर तिसरीला सुमारे ०.८ मिलिमीटर ओढ हवी, सहावीला सुमारे ०.२. तिसरीचा अर्धा स्वर पाचवीच्या पूर्ण स्वराहूनही जास्त ओढ मागतो. हा आकडा पाहिल्यावर सहावी का पळते हे कुणी वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही.

त्याच हिशेबातून तिसरी तार सारखी का तुटते तेही निघालं. ए स्वराला पोचल्यावर तिच्यातला ताण सुमारे २.३ गिगापास्कल होतो. इतक्या बारीक पियानो-तारेची तुटण्याची हद्द अडीचच्या थोडी वर असते. सी पेडलने एफ-शार्पला गेलेली चौथी १.६ वर असते, सी-शार्पची पाचवी तर १ च्याही खाली. जाड तार घालून तिसरी वाचवता येत नाही, कारण जाडी वाढली की एकूण ताणही छेदाच्या प्रमाणात वाढतो. चेंजरवरचा तिचा वळणाचा भाग गुळगुळीत ठेवणं एवढंच हातात आहे.

९ जुलै

बी पेडल.

ऑल-पुलमध्ये शेवट आपोआप जमतो. पेडल आपल्या थांब्याला टेकलं की दोन्ही तारा सुरात असाव्यात, असेच तर आपण नट लावतो. सुरुवात मात्र जमवावी लागते. ज्या तारेला गरजेपेक्षा जास्त ओढ मिळते, तिचा नट सैल ठेवावा लागतो, म्हणून ती उशिरा निघते आणि मग झपाट्याने पोचते. माझ्याकडे उलट वाटत होतं, सहावी आधी निघते असं. तपासल्यावर कारण सापडलं: तिसरीच्या रॉडला खूप ढील होती आणि शेवटचा टप्पा ती घाईने गाठत होती. पेडलचा थांबा गरजेपेक्षा लांब लावलेला होता, तोही एक भाग.

दुरुस्तीची दोन ठिकाणं. बेलक्रँकवर रॉडचं भोक शाफ्टपासून जितकं लांब, तितकी रॉडची चाल जास्त. चेंजरवर भोक आसाच्या जितकं जवळ, तितकी त्याच चालीत फिंगर जास्त फिरते. दोन्हीकडे चाल वाढवली की पायाला जडपणा वाढतो.

तिसरीला बेलक्रँकचं सगळ्यात लांबचं भोक आणि चेंजरचं आसाजवळचं. सहावीला नेमकं उलट: बेलक्रँकचं जवळचं, चेंजरचं लांबचं. एवढं करूनही चौपट फरक पूर्ण मिळत नाही. माझ्या भोकांच्या अंतरांवरून तो साधारण सव्वातीनपट येतो. उरलेला फरक सहावीच्या नटमध्ये ढील म्हणून राहतो. पेडलच्या पहिल्या थोड्या भागात तिसरी एकटी चालते, मग सहावी तिला मिळते. कानाला ते चालतं, कारण हळू सरकणाऱ्या स्वरात वरची तार आधी ऐकू आलेली खटकत नाही. आता पेडल मुद्दाम हळूहळू दाबलं तर दोन्ही स्वर जवळजवळ हातात हात घालून वर जातात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बराच वेळ तेच एक पेडल दाबत-सोडत बसलो.

पेडल थोडं जड झालं. पायाला लागणाऱ्या श्रमाचा मोठा हिस्सा तिसरीचाच, हिशेबाने पाचात चार भाग. काम तेवढंच आहे. ते जास्त जोर आणि कमी अंतर असं करायचं की कमी जोर आणि जास्त अंतर, एवढाच निर्णय आपला. पेडलची चाल किंचित वाढवली.

११ जुलै

सी पेडल. चौथी आणि पाचवी, दोन्ही पूर्ण स्वर, स्वरांचं प्रमाण ४:३, म्हणून ओढीचं प्रमाण १६:९, म्हणजे पावणेदोनपटीच्या जवळ. हे भोकं बदलून छान जमलं. पाचवीचं भोक ए पेडलच्या बेलक्रँकवर जिथे होतं तिथेच सी वरही ठेवलं, म्हणजे दोन्ही पेडलवर तिचा वेग पायाला सारखा लागतो.

ए पेडलवर दहावी गुंडाळलेली तार आहे. तिथे वरचा सोपा नियम चालत नाही. वजन गुंडाळ्यामुळे वाढतं पण ताण गाभ्याच्या बारीक तारेवरच येतो, म्हणून ती त्याच स्वराच्या साध्या तारेपेक्षा जास्त लांबते. कानानेच भोक निवडलं.

ए आणि बी पेडल वेगळी असणं हीच या वाद्याची भाषा आहे, असं मला ही कामं करताना सारखं वाटतं. १९५४ च्या सुमाराला पेडल स्टील वादक बड आयझॅक्स यांनी कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या गाण्यात एकाच पेडलने हे दोन्ही बदल एकदम केले, आणि वाजत्या तारा सरकत कॉर्ड बदलण्याचा तो आवाज सगळ्यांच्या कानात बसला. पुढे वादक बडी एमन्स यांनी ते दोन बदल दोन पेडलांवर वाटले. त्यामुळे एकाच पावलाने दोन्ही, एखादं किंवा एकामागून एक करता येऊ लागलं. जोडीचे स्वर एकत्र पोचावेत हा आग्रह त्या पहिल्या एका पेडलमधूनच येतो.

१३ जुलै

आता सूर.

ट्यूनरवरचं शून्य म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग. तिथला गंधार शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंटनी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. एरवी ते खपून जातं, पण पेडल स्टीलमध्ये स्वर लांब टिकतात, पडदे नाहीत, आणि तीन-चार तारा एकाच बारखाली एकत्र बोलतात. तिथे चढा गंधार लगेच थरथरतो. तानपुऱ्यातून स्वतःहून उमटणारा गंधार ऐकलेल्या कानाला तर तो अजिबात सहन होत नाही.

म्हणून ई ला षड्ज मानलं, तिथे शून्य ठेवलं आणि बाकी सगळं प्रमाणांनी मांडलं. मग पेडलांचं काम सरगममध्ये स्वच्छ दिसतं: ए पेडल पंचमाला धैवतावर नेतं, बी पेडल गंधाराला मध्यमावर. दोन्ही दाबली की मध्यम हा नवा षड्ज होतो. धैवत त्याचा गंधार, मूळ षड्ज त्याचा पंचम.

आकडे, ट्यूनरच्या शून्यापासून सेंटमध्ये. पंचम म्हणजे पाचवी, दहावी: अधिक २. गंधार म्हणजे तिसरी, सहावी: उणे १४. बी पेडलचा मध्यम: उणे २. ए पेडलचा धैवत, म्हणजे मध्यमाचा शुद्ध गंधार: उणे १६. दुसरी डी-शार्प आणि उतार लिव्हरने उतरलेली चौथी-आठवी, म्हणजे पंचमाचा गंधार: उणे १२. नववी डी, मध्यमाचा मध्यम: उणे ४.

एफ लिव्हर सगळ्यात लक्षात राहणारी. ती बहुतेक वेळा ए पेडलसोबतच घेतली जाते, आणि तिथे सी-शार्प हा षड्ज असतो, एफ त्याचा गंधार. सी-शार्प आधीच उणे १६, त्यात गंधाराचे आणखी १४, म्हणजे एफ उणे २९. लिव्हर ई ला अर्धा स्वर चढवते असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ती ७१ सेंटच चढवते. पहिल्या दिवशी चढा ऐकू येणारा स्वर तो हाच. काटा शून्यावर होता आणि सूर जवळपास तीस सेंट वर होता.

सगळ्या आकड्यांकडे पाहिलं तर बहुतेक उणे आहेत. इतर वाद्यांसोबत वाजवताना हे सगळं उतरलेलं वाटू नये म्हणून अनेक वादक ई स्वर ४४० ऐवजी ४४२ च्या आसपासच्या संदर्भाने लावतात. मीही तेच केलं. तिथे ई स्वतः सुमारे ८ सेंट वर जाते आणि बाकीचे स्वर शून्याच्या दोन्ही बाजूंना वाटले जातात. नोंदीतले आकडे मात्र ई ला शून्य धरूनच.

१४ जुलै

एफ-शार्प. यावर वेळ गेला आणि तो जाणं योग्यच होतं.

पहिली आणि सातवी एफ-शार्प. उतार लिव्हर घेतली की बी मेजर कॉर्ड मिळते, तिथे एफ-शार्प हा पंचमाचा पंचम, अधिक ४ हवा. पण ए आणि बी पेडल दाबली की तोच स्वर मध्यमाचा धैवत, आणि तिथे तो उणे १८ हवा. मधलं अंतर साडेएकवीस सेंट, म्हणजे ८१:८०. आपल्याकडे जिला प्रमाणश्रुती म्हणतात ती हीच. दोन रिषभ, एक ९:८ चा आणि एक १०:९ चा, आणि तार एकच.

मधोमध लावणं हा नेहमीचा तोडगा. तसं लावलं की दोन्हीकडे दहा-अकरा सेंटची चूक राहते. मला ते मान्य नाही. पाचवी-सातवीची जोडी ए पेडल दाबून सारखी वाजते आणि तिथला शुद्ध पंचम ऐकायला मिळावा अशी इच्छा होती. म्हणून ए पेडलच्या शाफ्टवर आणखी एक बेलक्रँक घेऊन सातवीला उताराचा एक रॉड जोडला, फक्त वीस-एकवीस सेंट उतरवणारा. कॉम्पेन्सेटर. बेलक्रँकचं सगळ्यात जवळचं भोक आणि नट भरपूर सैल, म्हणजे तो पेडलच्या अगदी शेवटी काम करतो आणि मधल्या प्रवासात सातवी हलत नाही.

पहिलीलाही तसाच रॉड जोडला. सी पेडलने चौथी जेव्हा एफ-शार्पला जाते तेव्हा ती बी पेडलसोबत एफ-शार्प मायनरमध्ये असते, तिथे उणे १८ हेच बरोबर. त्या वेळी ए पेडल मोकळं असल्याने पहिली अधिक ४ वरच राहते आणि चौथीशी भांडते. ही दोन्ही एकत्र वाजवायचा प्रसंग माझ्या वाजवण्यात क्वचितच येतो, म्हणून तो प्रश्न तसाच सोडला. सगळे रिषभ सगळ्या कॉर्डमध्ये बरोबर असतील अशी रचना या तारांमध्ये बसत नाही. कुठल्या जोड्या तुम्ही खरोखर वाजवता ते पाहून निर्णय घ्यायचा.

१६ जुलै

बॉडी वाकते हे मोजलं. चौथी ई वाजवून काटा शून्यावर, मग ए आणि बी पेडल एकत्र दाबली. चौथीला हात लावलेला नाही, तरी ती ४ सेंटनी उतरली. आठवी ३ नी. एकटं ए दाबलं तर दीड-दोन. चार तारांवर एकदम कित्येक किलोंचा जादा ताण येतो आणि लाकडी चौकट तेवढी झुकते. प्रत्येक पेडल स्टीलमध्ये हे कमी-जास्त असतं आणि पूर्ण जात नाही.

याचा थेट परिणाम लावणीच्या पद्धतीवर होतो. पेडल एकेकटं दाबून मध्यम आणि धैवत लावले, तर दोन्ही दाबल्यावर त्यांचा पंचम खाली सरकलेला असतो. म्हणून हे दोन्ही स्वर दोन्ही पेडल दाबूनच लावले, ट्यूनर बंद करून, चौथीशी आणि पाचवीशी थरथर थांबेपर्यंत. नंतर ट्यूनर लावून पाहिलं: मध्यम उणे ६, धैवत उणे १९. कागदावरच्या आकड्यांत बॉडीचे चार सेंट मिसळले की साधारण हेच येतं. बी पेडल एकटं दाबून उघड्या ई सोबत मध्यम ऐकला तर किंचित उतरलेला आहे, पण तो प्रसंग ओझरता असतो. ए-बी जोडी लांब धरली जाते, तिला प्राधान्य.

एफ लिव्हरही तशीच, ए पेडल दाबूनच लावली.

१९ जुलै

उतार. दुसरी तार डी-शार्पवरून डी आणि मग सी-शार्प अशी दोन टप्प्यांत जाते. मधला डी गुडघ्याला जाणवावा म्हणून लिव्हरवर एक जादा स्प्रिंग आहे, ती डी च्या जागी अंगाला लागते. स्प्रिंगचा स्क्रू थोडा मागे घेतला, आता नववी उतरायला सुरुवात होते तिथेच ती लागते. हे पटकन झालं.

उतार लिव्हरचा त्रास जास्त होता. लिव्हर सोडल्यावर आठवी दोन-तीन सेंट खाली राहायची आणि चौथी थोडी वर. दोन वेगवेगळे आजार आहेत, आणि दिशेवरून ओळखता येतात.

उतरवून सोडलेली तार खाली राहिली तर उताराची फिंगर पूर्ण परत येत नाही: परतीची स्प्रिंग कमजोर. आठवीची स्प्रिंग घट्ट केली, प्रश्न मिटला. स्प्रिंग गरजेपुरतीच घट्ट ठेवायची, नाहीतर लिव्हर विनाकारण जड होते.

उतरवून सोडलेली तार वर राहिली तर दोष रोलर नटवर: रोलर नीट फिरत नाही, म्हणून उतरताना नटमागे गेलेला तारेचा भाग परत येत नाही. चढवून सोडलेली तार याच कारणाने खाली राहते. चौथीचा रोलर काढून आस पुसला, थेंबभर तेल दिलं. तरी उरला तो अर्ध्या सेंटचा फरक. सी पेडल एकदा हलकंच दाबून सोडलं की तोही जातो, वाजवताना पाय आपसूक तसं करतोच.

२० जुलै

सहावी तार. ही दोन्हीकडे ओढली जाते: बी पेडलने ए ला वर, उजव्या गुडघ्याने एफ-शार्पला खाली. दोन्ही एकत्र घेतली की मध्ये जी मिळावा, ए सेव्हनचा सातवा स्वर.

तो आपोआप मिळत नाही, आणि का ते गणितात दिसतं. ओढ बेरजेने मिळते, स्वर मात्र तसा वाढत नाही. अर्धा स्वर चढायला ताण १२ टक्के वाढतो, पूर्ण स्वर उतरायला २१ टक्के कमी होतो. दोन्ही एकत्र केले तर मूळ ताणाच्या ९१.६ टक्के उरतात, आणि त्याचा स्वर जी-शार्पच्या ७६ सेंट खाली येतो. जी हवा असेल तर १०० खाली जायला हवं. म्हणजे जी चोवीस सेंट चढा. माझ्या नैसर्गिक लावणीतही तो वीसच्या वरच चढा राहतो.

यासाठीच चेंजरच्या टोकाच्या पट्टीवर स्प्लिटचे स्क्रू असतात. लावणीचा क्रम इथे वेगळा. आधी बी पेडल, चढ. मग पेडल आणि लिव्हर दोन्ही, आणि जी येईपर्यंत उताराचा नट आवळायचा, त्यामुळे एकट्या लिव्हरचा उतार जास्तच खाली जातो. शेवटी पेडल सोडून फक्त लिव्हर घ्यायची आणि स्प्लिटचा स्क्रू आत घेत उताराच्या फिंगरला एफ-शार्पवर अडवायचं. पेडल दाबलेलं असताना फिंगर पुढे सरकलेली असते आणि स्क्रूपर्यंत पोचत नाही, म्हणून जी बिघडत नाही. एकदा लागलं की फार समाधान देणारी गोष्ट आहे ही.

सहावी साधी ०.०२० ची ठेवायची की गुंडाळलेली ०.०२२ ची, याचाही विचार केला. साधी तार फार थोड्या ओढीत खूप हलते, म्हणून ती बारीकसारीक गोष्टींनी बिघडते. गुंडाळलेली जास्त ओढ मागते, त्यामुळे बी पेडलवर तिसरीशी तिची जोडी चांगली जुळेल. पण पूर्ण स्वर उतरवायला उजव्या लिव्हरची चाल पुरणार नाही, ती आत्ताच टोकाला आहे. साधीच ठेवली.

२३ जुलै

तीन ठिकाणी जी मेजर धरून पाहिली: तिसऱ्या पडद्यावर सगळं मोकळं, सहाव्यावर ए पेडल आणि एफ लिव्हर, दहाव्यावर ए आणि बी पेडल. पडदे नुसत्या रेघा आहेत, बार कुठे थांबवायचा ते कान सांगतो. सहाव्या जागेचा षड्ज ए पेडलने चढलेला सी-शार्प आहे, आणि तो उतरलेला असल्याने बार रेघेच्या किंचित पुढे जातो. तिन्ही जागी कॉर्ड आतून स्थिर आहे. तिसऱ्याहून सहाव्यावर सरकताना आता फक्त रंग बदलतो.

सध्याची लावणी, ई शून्य धरून सेंटमध्ये, कीच्या डबीत ठेवायला: पहिली अधिक ४, ए पेडलने उणे १८. दुसरी उणे १२, डी उणे ४, सी-शार्प उणे १९. तिसरी उणे १४, बी पेडलने उणे ६. चौथी शून्य, सी पेडलने उणे १८, एफ लिव्हरने उणे ३१, उताराने उणे १२. पाचवी अधिक २, ए आणि सी पेडलने उणे १९. व्हर्टिकलचा बी-फ्लॅट एफ-शार्पचा गंधार म्हणून उणे १०. सहावी उणे १४, बी पेडलने उणे ६, लिव्हरने अधिक ४, दोन्हींनी जी उणे ८. सातवी पहिलीसारखी, आठवी चौथीसारखी (सी पेडल सोडून), नववी उणे ४ आणि उतरून उणे १९, दहावी पाचवीसारखी (सी पेडल सोडून).

तिसरी तार बदलली की तिला आधी बी पेडलने बराच वेळ ओढून बसू द्यायचं, मग खुंटी, मग नट. बाकीच्या तारांच्या नटांना त्या वेळी हात लावायचा नाही. ताण तोच परत आला की बॉडी पूर्वीच्याच जागी येते आणि त्या सुरात असतात.